इंजिन एकच, मग ऑटोमॅटिकला टॉर्क जास्त का?

गाडीचं ब्रोशर नीट वाचलं की एक गोष्ट खटकते. इंजिन तेच, सीसी तेवढेच, पण मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकचे आकडे कधीकधी वेगळे असतात. ही उदाहरणं बघा:

- टोयोटा फॉर्च्युनर 2.8 डिझेल (2021), 204 पीएस: मॅन्युअल 420 एनएम, ऑटोमॅटिक 500 एनएम
- महिंद्रा स्कॉर्पिओ-एन डिझेल, 175 पीएस: मॅन्युअल 370, ऑटोमॅटिक 400
- महिंद्रा थार पेट्रोल (2020), 150 पीएस: मॅन्युअल 300, ऑटोमॅटिक 320

पॉवर सारखीच आहे. फरक फक्त टॉर्कमध्ये आहे.

हे कसं शक्य आहे?

टॉर्क म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर. तो जोर किती वेगाने लागतो, त्यावर पॉवर ठरते:

पॉवर (किलोवॅट) = टॉर्क (एनएम) × आरपीएम ÷ 9549

फॉर्च्युनर 2000 आरपीएमला चालवली, तर मॅन्युअलमध्ये इंजिन साधारण 120 पीएसपर्यंत देऊ शकतं आणि ऑटोमॅटिकमध्ये 142 पीएसपर्यंत. आरपीएम वाढला की ऑटोमॅटिकचा टॉर्क हळूहळू उतरतो आणि दोन्ही 204 पीएसवर येऊन थांबतात. म्हणजे ब्रोशरमध्ये कमाल पॉवर सारखी दिसली, तरी रोजच्या वापरातल्या आरपीएमला फरक असतो.

टॉर्क कमी कोण करतं?

इंजिनचा कंट्रोल युनिट, म्हणजे ईसीयू. प्रत्येक क्लच आणि गिअरबॉक्सची टॉर्क झेलण्याची एक मर्यादा असते. ती ओलांडली तर क्लच घसरतो, गिअरवर ताण येतो. म्हणून कंपनी सॉफ्टवेअरमध्येच टॉर्कला लिमिट लावते. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर तेच, कॉन्फिग फाइल वेगळी.

एएमटीमध्ये मात्र गिअरबॉक्स मूळचा मॅन्युअलच असतो. फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं मशीन करतं. म्हणून मारुती स्विफ्टच्या मॅन्युअल आणि एजीएस मॉडेलचे आकडे सारखेच आहेत.

मग ऑटोमॅटिक जास्त जोरात पळणार का?

पळेलच असं नाही. ब्रोशरमधला आकडा इंजिनचा असतो, चाकांवरचा नाही. टॉर्क कन्व्हर्टर लॉक नसताना थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. शिवाय गाडीचं वजन आणि गिअर रेशो यांचाही परिणाम होतो.

मॅन्युअलला रिमॅप करून टॉर्क वाढवावा का?

"सॉफ्टवेअरचंच तर लॉक आहे, काढून टाकू" असं सांगणारे भेटतात. पण ते लिमिट क्लच आणि गिअरबॉक्स वाचवण्यासाठी असतं. रिमॅपनंतर क्लच लवकर गेला, तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते आणि खर्च तुमच्याच खिशातून जातो.

त्यापेक्षा गाडी घेण्याआधीच दोन्ही मॉडेल चालवून बघा. घरची मंडळी बसवा, एसी लावा आणि एखाद्या चढावर कमी आरपीएमला गाडी कशी ओढते ते पाहा. 30-40 एनएमचा फरक तुमच्या कामाचा आहे की नाही, ते तिथेच कळेल.