दुभाषी राघू

पोपट म्हटला की डोळ्यांपुढे काय येते? लाल चोच, गळ्यातला काळा कंठ आणि पंजात धरलेली हिरवी मिरची. मिरची नसेल तर अर्धा पोखरलेला पेरू. पोरांच्या अंकलिपीपासून लग्नाच्या रुखवतापर्यंत हेच चित्र. ते इतके अंगवळणी पडले आहे की, पोपट पुराणकाळापासून मिरचीच खात आला, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात साडेपाचशे वर्षांपूर्वी या देशातल्या एकाही पोपटाने मिरची पाहिली नव्हती आणि पेरूही पाहिला नव्हता. दोन्ही अमेरिका खंडातली. 1500 साली पोर्तुगीजांची जहाजे ब्राझीलच्या किनाऱ्याला लागली आणि पुढच्या शंभर वर्षांत मिरची, पेरू, अननस, काजू, तंबाखू हा सारा ऐवज समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर उतरला. मिरची माणसाला झोंबते, गाईला झोंबते, उंदराला झोंबते. पक्ष्याला मात्र तिचा तिखटपणा जाणवतच नाही. त्यामुळे आपल्या राघूने हे परदेशी फळ विनातक्रार स्वीकारले. आपल्या आज्यांच्या पणज्यांनी ते स्वीकारताना किती ठसके खाल्ले असतील, कोणास ठाऊक!

हे सारे आठवायचे कारण असे की, बऱ्हाणपुरातल्या आमच्या घरी चार वर्षांपासून त्याच मिरचीच्या मुलखातला एक पक्षी मुक्कामाला आहे. छोटा मकाव. मकाव म्हटले की लोकांना सर्कशीतला तो निळा-पिवळा, हातभर शेपटीचा पक्षी आठवतो. हा तसा नाही. चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम 30 सेंटिमीटर, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. रंग हिरवा, कपाळावर निळसर झाक, डोळ्यांभोवती पिसे नसलेली पांढरी कातडी. पंखाच्या सांध्याशी लाल रंग, तो पंख पसरल्यावर नीट दिसतो. हा लाल पाहून आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी निर्वाळा दिला, ‘हा करण पोपट.’ त्यांचे अगदीच चुकले असे म्हणवत नाही. आपल्या करण पोपटाच्याही खांद्यावर लाल डाग असतो. गंमत अशी, की लांबीत आणि वजनात आपला करण पोपट या मकावाला सहज मागे टाकतो. लिनियसने 1758 साली याला शास्त्रीय नाव देताना ‘नोबिलिस’ म्हणजे ‘उमदा’ हे विशेषण वापरले. पाळणारे त्याला हान्स मकाव म्हणतात, ते कार्ल विल्हेल्म हान या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाच्या नावावरून. त्याचे मूळ घर व्हेनेझुएला, गयाना, ब्राझील या बाजूचे.

अमेरिकेचा पक्षी आणि तापीकाठ, हे नाते वरवर ओढूनताणून आणलेले वाटेल. पण बऱ्हाणपूर हे काही आडवाटेचे गाव नव्हते. दौलताबादचे संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने फारुकी सुलतानांनी वसवलेले हे शहर. 1601 साली असिरगड अकबराच्या हाती गेला आणि बऱ्हाणपूर मोगलांचे दक्षिणेतले ठाणे झाले. सुरतेच्या बंदरात उतरलेला माल आग्र्याला जायचा तो बहुतेक बऱ्हाणपुरावरून. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो 1615 च्या नोव्हेंबरात येथेच शाहजादा परवेझला भेटला. पीटर मंडी हा इंग्रज 1630 च्या भीषण दुष्काळात याच रस्त्याने आग्र्याकडे गेला. याच मंडीने सुरतेला असताना दोन डोडो पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. मॉरिशस बेटावरचा, न उडणारा, पुढे त्याच शतकात पृथ्वीवरून नाहीसा झालेला तो डोडो! सुरतेच्या आवारात तो जिवंत फिरत होता, आणि सुरत म्हणजे आमच्या तापीचेच दुसरे टोक.

जहांगीर बादशहाला असल्या नवलाईची भारी हौस. त्याचा सरदार मुकर्रबखान 1612 साली गोव्याहून काही अजब जनावरे घेऊन आला. त्यांत एक टर्की कोंबडा होता, तोही अमेरिकेचाच. त्याच्या डोक्याचा रंग सरड्यासारखा बदलतो, हे जहांगीराने बारकाईने टिपले आणि आपल्या आठवणींत एक मार्मिक वाक्य लिहिले. त्याचा आशय असा, की पणजोबा बाबराने प्राण्यांची वर्णने केली, पण चितारी लावून चित्रे काढवून घेतली नाहीत. मी दोन्ही केले. उस्ताद मन्सूरने काढलेले ते टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. आमच्याकडे तापीपलीकडे जैनाबादेत आहुखाना उभा आहे. आहू म्हणजे हरीण. 1631 साली मुमताज महल बऱ्हाणपुरात वारली, तेव्हा तिला प्रथम तिथेच दफन केले होते, आणि सहाएक महिन्यांनी शव आग्र्याला नेले. पर्यटक ताजमहालाची हळहळ करीत तिथून परततात. जागेच्या नावातल्या हरणाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

पोपट पाळण्याला मात्र मोगलांची गरज नव्हती. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांत राघू-मैनेला बोलायला शिकवणे ही एक कला म्हणून मोजली आहे. संस्कृत शुकसप्ततीतला पोपट मालकिणीला रोज रात्री एक गोष्ट सांगून घरात थोपवून धरतो. हीच कथा फारसीत ‘तूतीनामा’ झाली, अकबराने तिची सचित्र प्रत करवून घेतली, आणि मराठीत ती ‘शुकबहात्तरी’ या नावाने आली. एकच पोपट संस्कृत, फारसी आणि मराठी बोलला! त्याच्याही आधी, सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी, इराणच्या दरबारातल्या क्टेसियस नावाच्या ग्रीक वैद्याने हिंदुस्थानच्या एका पक्ष्याविषयी लिहिले आहे की, तो माणसासारखी हिंदुस्थानची भाषा बोलतो आणि शिकवली तर ग्रीकही बोलतो. पोपटाची युरोपला झालेली ही फार जुनी ओळख. दोन भाषा बोलणारा म्हणूनच तो तिथे प्रसिद्धीस आला.

इथे मला आमच्या गावाची गोष्ट सांगितली पाहिजे. बऱ्हाणपूर 1760 साली निजामाकडून पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले, 1860 च्या सुमारास इंग्रजांकडे. मराठी घरे इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदीबरोबर मराठीही राज्यभाषा होती. 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, निमाड नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि आमचे कागद नागपूरऐवजी भोपाळला जाऊ लागले. घरात मराठी, बाजारात हिंदी, शेतावर खानदेशी, हा व्यवहार तेव्हाही होता. माझ्या लहानपणी प्रत्येक आळीत दोन-चार पिंजरे टांगलेले असत, आणि पिंजऱ्यावरून घर ओळखू येई. मराठी घरातला राघू ‘विठू विठू’ म्हणे, हिंदी घरातला ‘सीताराम’, आणि मोमीनपुऱ्याकडे गेलात तर ‘मियाँ मिठ्ठू’. आमच्या आजीचा राघू दुपारी ‘दार लाव गं’ म्हणून ओरडे. आजी गेल्यावरही दीडएक वर्ष तो तिच्याच आवाजात ओरडत होता, आणि आई खरोखरच दार लावायला उठे.

ते दिवस गेले ते एका अर्थी बरेच झाले. ते राघू रानातून, ढोलीतून पिले काढून आणलेले असत. बाजारात एक पिंजऱ्यात विसावण्यापूर्वी वाटेत किती मरत, त्याचा हिशेब कोणी ठेवत नसे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि 1990-91 च्या सुमारास आलेल्या पूर्ण व्यापारबंदीने देशी पोपट पकडणे, विकणे, पाळणे गुन्हा ठरला. तरी तो आजही चोरून विकला जातो, आणि ‘एकच तर आहे’ म्हणून घेणारी सुशिक्षित घरे मला माहीत आहेत. ज्यांना कायद्याने वागायचे होते ते परदेशी पक्ष्यांकडे वळले. त्यांतही पिंजऱ्यातच जन्मलेला पक्षी घ्यावा, हे मी निक्षून सांगेन. 2024 च्या फेब्रुवारीत आलेल्या केंद्राच्या नियमांनुसार मकावासारख्या पक्ष्याची नोंद ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते. पक्षी दुसऱ्याला दिला, मेला, पिले झाली, तरी कळवावे लागते. मुलाने ती सारी खटपट केली.

आता थोडे त्याच्या संसाराविषयी, कारण आम्हाला विचारणारे पुष्कळ आहेत. केळीचा आमचा जिल्हा, म्हणून येणारा प्रत्येक पाहुणा त्याला केळे भरवायला बघतो. केळे तो खातो, पण एक फोड पुरे, नाहीतर नुसती साखर पोटात जाते. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवरही ठेवू नये. चरबी वाढते आणि अ जीवनसत्त्व मिळत नाही. मोड आलेली कडधान्ये, गाजर, लाल भोपळा, पालेभाजी, पेरू आणि अर्थातच मिरची, असा त्याचा बेत असतो. जुन्या घरांत राघूला चहात बुडवलेला पाव द्यायची चाल होती. ती वाईट. चहा, चॉकलेट, मीठ आणि अव्होकॅडो पक्ष्याला घातक. न चिकटणारा तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेनेही पक्षी मरतो, म्हणून आमच्या सूनबाईंनी तो तवा घराबाहेर काढला. मे महिन्यात इथे पारा 44-45 वर जातो. तेव्हा पिंजरा माजघरात, दिवसातून दोनदा पाण्याचा हलका फवारा, आणि रात्री दहा-बारा तास अंधार व शांतता. यंत्रमागांच्या गावात शांतता कुठून आणायची, हा प्रश्न आहेच. त्यावर आम्ही पिंजरा मागच्या खोलीत नेण्याचा तोडगा काढला. पिंजरा गोल घेऊ नये, पंख पसरता येतील असा रुंद घ्यावा. बसायला गुळगुळीत काठीऐवजी पेरूची फांदी द्यावी. ती तो सोलतो, कुरतडतो, आठवड्यात संपवतो. तेच त्याचे काम.

सर्वांत मोठी गरज वेळेची. पोपट हा थव्याचा प्राणी. एकटा पडला की स्वतःची पिसे उपटू लागतो. व्हेनेझुएलात इवल्या हिरव्या पोपटांचा अभ्यास करणाऱ्या कार्ल बर्ग यांना असे आढळले की, आईबाप प्रत्येक पिलाला वेगळी हाक देतात आणि पिले ती आपली म्हणून उचलतात. म्हणजे नामकरण आपल्याआधी त्यांच्यात! टिमथी राइट यांनी 1996 साली कोस्टा रिकातल्या पिवळ्या मानेच्या पोपटांविषयी लिहिले, ते तर आपल्यासारख्यांनी वाचावेच. एका भागातल्या थव्यांची बोली वेगळी, शेजारच्या भागातली वेगळी, आणि हद्दीवरच्या झाडांवर रात्र काढणारे काही पोपट दोन्ही बोली बोलतात. सीमाभाग तिथेही आहे.

तेव्हा पिंजऱ्यातला पक्षी जे बोलतो ती नुसती पोपटपंची नव्हे. ज्यांना तो आपला थवा मानतो, त्यांची ती बोली असते. आमचा मकाव पहिल्या वर्षी जे शिकला ते असे: ‘कौन है?’, ‘खाना दो’, आणि दाराच्या घंटीचा हुबेहूब आवाज. मराठी एक अक्षर नाही. घरात मराठी बोलतो असे आम्ही सारे छातीठोक सांगत होतो, जनगणनेतही मातृभाषा मराठीच लिहिली होती. पण दिवसभर त्याच्याशी बोलत होती ती नातवंडे, आणि ती एकमेकांशी हिंदीतच भांडतात, हिंदीतच खेळतात. मास्तरकीत आयुष्य गेलेल्या मला मुलांच्या प्रगतिपुस्तकातून जे दिसले नव्हते, ते या दीडशे ग्रॅमच्या जिवाने दाखवून दिले.

हुम्बोल्ट हा जर्मन प्रवासी 1800 साली ओरिनोको नदीवर मायपुरेस या ठिकाणी गेला होता. तिथल्या लोकांनी त्याला सांगितले की, येथे एक म्हातारा पोपट आहे, पण तो काय बोलतो ते कोणाला कळत नाही, कारण तो आतुरेस जमातीची भाषा बोलतो, आणि ती जमात आता उरलेली नाही. हुम्बोल्टने हे लिहून ठेवले. ओरिनोको म्हणजे व्हेनेझुएला, आमच्या पाहुण्याचे आजोळ. ही हकिकत वाचली त्या रात्री मला आजीचा ‘दार लाव गं’ आठवला आणि बराच वेळ झोप आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी पिंजऱ्यापाशी बसून मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागलो. पहिले सहा महिने काही नाही. त्याला बातम्यांत गम्य नाही, ज्या शब्दांत जिव्हाळा असेल तेच तो उचलतो. मग एके दिवशी ‘कोण है?’ असे धेडगुजरी बोलला. घरात हशा पिकला, पण मला वाटले, ही तर अस्सल बऱ्हाणपुरी!

हा पक्षी नीट जपला तर पंचवीस-तीस वर्षे जगतो. माझे वय आज 71. तेव्हा तो माझ्यामागे कोणाकडे राहील हे ठरवून ठेवणे भाग होते. मोठी नात, आता अकरावीत आहे, तिने जबाबदारी घेतली आहे. ती त्याच्याशी हिंदीत बोलते, मी मराठीत, आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला अडवत नाही. गेल्या श्रावणापासून त्याने वाटणी करून टाकली आहे. ती दिसली की ‘खाना दो’, आणि मी खुर्ची ओढली की ‘चहा झाला?’ चहा मात्र त्याला मिळत नाही.