डोंगर कुणाचा?

सह्याद्रीत ट्रेकला निघताना आपण पाऊस बघतो, एसटीचं टायमिंग बघतो, डब्यात काय आहे ते बघतो. समोरचा डोंगर कुणाच्या मालकीचा, हा प्रश्न सहसा डोक्यात येत नाही. इंग्लंडमध्ये मात्र या प्रश्नापायी माणसं तुरुंगात गेलीत.

आधी एक शब्द बघू. 'फॉरेस्ट' म्हटलं की आपल्याला घनदाट झाडी दिसते. नॉर्मन राजांच्या काळात त्याचा अर्थ होता, जिथे राजाचा शिकारीचा कायदा चालतो तो मुलूख! झाडं असोत वा नसोत. डर्बीशरमधलं 'रॉयल फॉरेस्ट ऑफ द पीक' हे असंच, त्यात उघडे माळ नि दलदलही होती. हरीण मारलं तर जिवावर बेतायचं. १२१७ च्या 'चार्टर ऑफ द फॉरेस्ट'ने ही शिक्षा रद्द केली आणि सामान्यांचे चराईचे हक्क लेखी मान्य केले. मॅग्ना कार्टाचा हा धाकटा भाऊ. १९७१ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात टिकला.

पुढे राजा मागे पडला आणि जमीनदार पुढे आले. पार्लमेंटने शेकडो वर्षं कायदे करून गावाच्या सामायिक जमिनींना कुंपणं घातली. याच पीक भागातलं किंडर स्काउट हे ६३६ मीटर उंचीचं पठार खाजगी झालं. वर्षातले थोडे दिवस 'ग्राउस' पक्ष्यांची शिकार, बाकी वेळ राखणदार. एका बाजूला मँचेस्टर, दुसऱ्या बाजूला शेफील्ड. आठवडाभर गिरणीत, कारखान्यात राबणाऱ्या माणसाला रविवारी डोंगर दिसायचा, पण चढता यायचा नाही.

२४ एप्रिल १९३२ ला हेफील्ड गावाजवळच्या एका खाणीत सुमारे ४०० जण जमले. म्होरक्या बेनी रॉथमन, वय वर्षं २०! विल्यम क्लफ नावाच्या घळीतून चढताना राखणदारांशी झटापट झाली. तरी ही मंडळी वर पोचलीच. गंमत म्हणजे नुसतं दुसऱ्याच्या जमिनीवर चालणं तेव्हा फौजदारी गुन्हाच नव्हता. मग दंगा, मारहाण अशी कलमं लागली आणि पाच जणांना दोन ते सहा महिने कैद झाली. भटक्यांच्या जुन्याजाणत्या संघटनांचा या प्रकाराला विरोध होता, पण शिक्षा ऐकून लोकांची सहानुभूती पोरांकडे वळली.

१९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. १९६५ मध्ये 'पेनाइन वे' ही ४२९ किलोमीटरची पायवाट सुरू झाली. ती निघते किंडरच्या पायथ्याच्या ईडेल गावातून. २००० च्या कायद्याने उघड्या डोंगराळ जमिनीवर मोकळेपणी चालायचा हक्क दिला. २००२ मध्ये, ७० व्या वर्धापनदिनी, तेव्हाच्या ड्यूक ऑफ डेव्हनशरने आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली.

आज हेफील्डहून निघून, किंडर चढून ईडेलला उतरणं ही दिवसभराची सुंदर चाल आहे. वाटेत 'किंडर डाउनफॉल' लागतो. जोराचा वारा असला की त्याचं पाणी खाली पडायचं सोडून वर उडतं. आपल्या नाणेघाटाच्या उलट्या धबधब्याचा विलायती चुलतभाऊच!

आणि हो, याच सरकारने हिंदुस्थानात १८७८ च्या कायद्याने जंगलं 'राखीव' केली होती. १९३० मध्ये आपल्याकडे जंगल सत्याग्रह झाले. उरणजवळच्या चिरनेरला गोळीबारात माणसं गेली. किंडरवाल्यांना रविवारची मोकळी हवा हवी होती, चिरनेरवाल्यांना पोटासाठी जंगल. भांडण सारखं, किंमत मात्र सारखी नव्हती.

इंग्लंडमधली झुंज अजून संपलेली नाही. २००० चा तो हक्क देशाच्या जेमतेम ८ टक्के जमिनीला लागू आहे आणि बहुतेक जंगलं त्यातून वगळलीत. म्हणजे 'फॉरेस्ट' अजूनही साहेबाचंच!

असो. पुढच्या ट्रेकला वाटेत कुंपण लागलं, तर ते कधी घातलं आणि कुणी, एवढं गावात विचारून बघा.