आमच्या गावचा दिगू

† मूळ लेखात लेखकाने भिवंडीच्या एका वार्ताहराला 'आमच्या गावचा दिगू' म्हटले आहे. हा दिगू म्हणजे अरुण साधू (१९४१–२०१७) यांच्या 'सिंहासन' कादंबरीतला पत्रकार दिगू टिपणीस. जब्बार पटेल यांच्या १९७९ च्या चित्रपटात ही भूमिका निळू फुले यांनी केली. पटकथा विजय तेंडुलकरांची. तिला 'सिंहासन'बरोबर साधूंच्याच 'मुंबई दिनांक' या कादंबरीचाही आधार होता.

साधू मूळचे परतवाड्याचे. मराठी आणि इंग्रजी दोन्ही वृत्तपत्रांत त्यांनी उमेदीची वर्षे घालवली, 'फ्री प्रेस जर्नल'चे संपादकपदही सांभाळले. मंत्रालय, कामगार संघटना, तस्कर यांचे लागेबांधे त्यांनी बातमीदार म्हणून जवळून पाहिले होते. बातमीत पुराव्याअभावी जे लिहिता येत नाही, त्यासाठी त्यांनी कादंबरी हाती घेतली, असे मला वाटते. म्हणूनच त्यांचे राजकारणी खलपुरुष न वाटता थकलेले, हिशेबी माणसे वाटतात. 'झिपऱ्या' या कादंबरीत ते रेल्वे फलाटांवरच्या बूटपॉलिशवाल्या मुलांकडे वळले. पुढे पुणे विद्यापीठात पत्रकारितेचे विभागप्रमुख आणि २००७ मध्ये नागपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

लेखकाची तुलना मला पटते, पण अर्धीच. दिगूचा वावर सत्तेच्या दालनांत. भिवंडीच्या वार्ताहराचा यंत्रमागांच्या खडखडाटात. मे १९७० च्या तिथल्या दंगलीनंतर न्या. मादन आयोगाने भिवंडीचा तपशीलवार अहवाल दिला. पण अहवालात जे मावत नाही, त्यासाठी त्या शहराला साधूंच्या तोडीचा कादंबरीकार मिळायला हवा.
—संपा.