चाळीस तास आणि बारा भेटी

महाड आणि पोलादपूर ही दोन्ही गावे मुंबई-गोवा महामार्गावर आहेत. स्वमग्न मुलांवरील उपचारांचा इतिहास चाळताना या रस्त्याचे गोव्याकडचे टोक मला अधिक मोलाचे वाटू लागले. तज्ज्ञ आणि केंद्रे मुंबईच्या टोकाला एकवटली आहेत. डोंगरी तालुक्यांच्या उपयोगी पडेल असा प्रयोग मात्र गोव्यात झाला. त्याचे महत्त्व कळण्यासाठी आधी अमेरिकेला जाऊन यावे लागते.

१९४३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. माणसांपेक्षा वस्तूंत रमणारी, ठरलेला क्रम मोडला की कासावीस होणारी, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत म्हणणारी ही मुले. अवस्था जन्मजात आहे असे कॅनर यांनी लिहिले, पण आईबापांच्या कोरड्या स्वभावाचीही नोंद केली. पुढे त्या नोंदीचा आरोप झाला. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात मुलाच्या मिटून जाण्याचे खापर घरावर, विशेषतः आईवर फोडले. स्वतः अशा मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी त्याआधीच, १९६४ मध्ये, हे मत खोडून काढले होते. तरी आरोप बरीच वर्षे टिकला. आपल्याकडे त्यासाठी बेटलहाइमची गरज नव्हती. ‘पोटुशी असताना ग्रहण पाळलं नाही’ एवढे पुरे होते.

याच काळात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ईवार लोवास यांनी वर्तनोपचार सुरू केले. शिकवायची गोष्ट लहान लहान पायऱ्यांत फोडायची आणि पायरी जमली की लगेच बक्षीस द्यायचे, ही त्याची रीत. सुरुवातीच्या वर्षांत ओरडणे, चापट मारणे, विजेचे झटके देणे हेही त्यात होते. १९६५ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्याची छायाचित्रे छापली. हा भाग झाकून लोवास यांचे कौतुक करणारे लेखन मला पटत नाही. मोठ्या झालेल्या स्वमग्न माणसांचा या पद्धतीवरचा राग तिथूनच सुरू होतो.

लोवास यांच्या १९८७ च्या निबंधाचाच गाजावाजा अधिक झाला. आठवड्याला चाळीस तास, दोन वर्षे किंवा अधिक काळ उपचार मिळालेल्या एकोणीस लहान मुलांपैकी नऊ जण सर्वसाधारण शाळेची पहिली इयत्ता पार करून गेले, असा त्याचा दावा. मुलांची गटवारी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, ही त्रुटी टीकाकारांनी दाखवली. तरी ‘लवकर सुरू करा, चाळीस तास करा’ हे जगभर पसरले. मला मात्र त्यांचा १९७३ चा निबंध अधिक बोलका वाटतो. उपचारांनंतर संस्थेत परतलेली मुले शिकलेले गमावून बसली. ज्यांच्या आईबापांना पद्धत शिकवली होती, त्यांनी ते टिकवले. ज्या आईला आरोपी केले होते, तिच्याच हातात उपचार टिकत होते.

आता चाळीस तासांचा हिशेब पोलादपूरच्या एखाद्या कोंडावर मांडून पाहा. वर्षाचे दोन हजारांवर तास होतात. त्या घरात बाप बहुधा मुंबईला नोकरीला, आई शेतात आणि चुलीपाशी, मूल आजीजवळ. मूल बोलत नाही हे लक्षात येते, पण ‘त्याचा बाप पण उशिराच बोलला’ म्हणून दोन पावसाळे निघून जातात.

गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने वेगळा हिशेब मांडला. दोन ते नऊ वर्षांच्या पासष्ट मुलांचा हा अभ्यास गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी इथे मिळून झाला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत आईबापांच्या बारा भेटी घ्यायच्या. आई मुलाशी खेळते त्याचे चित्रण करायचे आणि ते तिच्यासोबतच बसून पाहायचे: इथे त्याने तुमच्याकडे पाहिले, इथे तुम्ही थांबलात म्हणून तो पुढे आला. मधल्या दिवसांत सराव घरी. मूळ पद्धत इंग्लंडची, आणि काटेकोर बोलायचे तर हा लोवास यांचा वर्तनोपचार नव्हे. इथे मुलाला वळण लावण्याआधी आईने मुलाची चाल ओळखायची असते. मुले आपणहून संवाद सुरू करू लागली, हे त्यात दिसले. आई आणि मूल दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ मात्र कमी झाला, हेही संशोधकांनी लपवले नाही.

हे काम आपल्याकडे कोण करील? ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे कोसबाडला नेले, तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची हे त्यांचे सूत्र होते. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेत तो रुळला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभही २०१३ मध्ये पालघरलाच झाला. त्याच्या तपासणी यादीत स्वमग्नता आहे. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते आणि शंका आली तर पुढची चिठ्ठी देते. जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग, पोलादपूरहून शंभरावर किलोमीटर. उरलेले सगळे दिवस त्या मुलाच्या समोर असते ती अंगणवाडी सेविका. तिला मानधन मिळते, पगार नव्हे, आणि वजन, आहार, लसीकरण यांच्या नोंदी आजही तिलाच ठेवाव्या लागतात.