भीमेपलीकडील एक रेणुपरीक्षा

इंदापूरहून पूर्वेस निघाले की भीमा ओलांडताच सोलापूर जिल्हा लागतो. टेंभुर्णी, कुर्डुवाडी मागे टाकून बार्शी येते आणि त्यापलीकडे उस्मानाबाद, ज्याचे नाव २०२३ पासून धाराशिव झाले आहे. बारामती-इंदापूरच्या आमच्या वाचकांना हा मुलूख परका नाही. कर्करोगाच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण तेथेच घडले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असावे.

कर्करोगाची खूण रेणूच्या रूपाने सापडते, ही कल्पना जुनी आहे. लंडनचे डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांनी १८४७ साली एका रुग्णाच्या लघवीतील विलक्षण प्रथिनाचे वर्णन केले. अस्थिमज्जेच्या कर्करोगाची खूण म्हणून ते आजही तपासले जाते. अशा खुणेला हल्ली ‘बायोमार्कर’ म्हणतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ही खूण निराळीच निघाली. ती रुग्णाच्या स्वतःच्या पेशींची नव्हे, तर त्यांत शिरलेल्या विषाणूची होती. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ साली या रोगाच्या गाठींत पॅपिलोमा विषाणूचा एक नवा प्रकार दाखवून दिला. त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक लाभले.

पण खूण सापडली म्हणजे प्राण वाचले असे होत नाही. ते सिद्ध करण्यास हजारो स्त्रिया, बरीच वर्षे आणि मृत्यूची चोख नोंद लागते. ही नोंद बार्शीत होती. डॉ. भगवान नेने यांच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आश्रयाने १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तेथे सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील गावोगावी कार्यकर्ते फिरत. आजाऱ्यांच्या भेटी घेताना आम्ही पुष्कळदा पाहिले आहे की घरातील बाई स्वतःचे दुखणे सर्वांत शेवटी सांगते. ते वेळीच सांगावे, यासाठी या मंडळींनी घरोघरी जाऊन बोलणे केले.

या पायावर १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा प्रयोग उभा राहिला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात सहभागी होत्या. गावांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट पाडण्यात आले. एका गटात विषाणूचा डीएनए तपासला, दुसऱ्यात पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी केली. डीएनएची चाचणी मोठी युक्तीची होती: विषाणूच्या डीएनएशी जुळणारा आरएनएचा तुकडा नमुन्यात सोडायचा, आणि जोडी जमली की ती प्रकाशाने ओळखायची. ही चाचणी प्रत्येकीची एकदाच झाली. ज्यांच्यात रोगाची पूर्वावस्था आढळली, त्यांच्यावर उपचार झाले.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डीएनए-तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या रोगाने मरण पावल्या. तपासणी न झालेल्या चौथ्या गटात ३१,४८८ पैकी ६४. इतर दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही.

त्या चौथ्या गटाविषयी मौन बाळगणे आम्हांस योग्य वाटत नाही. उपाय ज्ञात असताना इतक्या स्त्रियांना केवळ तुलनेसाठी तपासणीवाचून का ठेवले, असा कठोर आक्षेप पुढे घेतला गेला. त्या भागात नियमित तपासणीची सोयच नव्हती, तेव्हा त्यांना मिळत असलेले काही काढून घेतले नाही, असे याचे समर्थन होते. समर्थनात तथ्य आहे. तरीही ६४ हा आकडा आम्हांस नुसता आकडा म्हणून वाचवत नाही. आपल्याच बोलीत बोलणाऱ्या त्या बायका होत्या.

२०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाच्या तपासणीसाठी डीएनए-चाचणीलाच पहिली पसंती दिली. भारत शासनाच्या २०१६ च्या आराखड्यात मात्र ॲसिटिक आम्लाचीच पद्धत होती, कारण ती स्वस्त होती व परिचारिकेलाही करता येत होती.