वारेचा पहारा

सिडनी शहरांतील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांच्याकडे इ. स. १९४१ च्या सुमारास जन्मतःच डोळ्यांत मोतीबिंदु असलेलीं अर्भकें एकामागून एक येऊं लागलीं. मोतीबिंदु हा म्हातारपणाचा विकार. तान्ह्या मुलांत तो क्वचितच दिसे, आणि दिसला म्हणजे घराण्याचा दोष म्हणून त्याची वासलात लावण्याची वैद्यांची रीत होती. परंतु या अर्भकांच्या घराण्यांत तसें कांहीं आढळेना. असें सांगतात कीं, दवाखान्यांत वाट पाहत बसलेल्या दोन माता आपसांत बोलत होत्या. गरोदरपणीं आपणांस जर्मन गोवर आला होता असें एकीनें म्हणतांच दुसरीनेंही तेंच सांगितलें. ग्रेग यांनीं तें ऐकलें, आणि बायकांचें बोलणें म्हणून सोडून दिलें नाहीं. त्यांचा खरा मोठेपणा येथेंच आहे.

आदल्या वर्षीं ऑस्ट्रेलियांत जर्मन गोवराची, म्हणजे रुबेलाची, मोठी साथ येऊन गेली होती. अंगावर दोन-तीन दिवस पुरळ, किंचित् ज्वर. या दुखण्यास कोणी मोजीत नसे. ग्रेग यांनीं आपलीं व सहकाऱ्यांचीं मिळून ७८ बालकें तपासांत घेतलीं. त्यांपैकीं ६८ बालकांच्या मातांस गरोदरपणीं हा आजार झाला होता, आणि तोही बहुधा पहिल्या-दुसऱ्या महिन्यांत. पुष्कळांच्या हृदयांतही दोष निघाला. ऑक्टोबरांत मेलबर्न येथें नेत्रवैद्यांच्या सभेपुढें त्यांनीं हा निबंध वाचला. लंडनच्या 'लॅन्सेट' पत्रानें मात्र १९४४ सालीं, ही गोष्ट अद्याप सिद्ध झालेली नाहीं, असा अभिप्राय दिला. पुढें १९५१ सालीं लँकेस्टर या संख्याशास्त्रज्ञानें ऑस्ट्रेलियांतील जुन्या शिरगणतींतून बहिऱ्यांचीं जन्मवर्षें काढून पडताळलीं, तों तीं साथींच्या काळाशीं जुळलीं!

मग मधली वार काय करीत होती? आयुर्वेदांत अपरा म्हटलेला हा अवयव म्हणजे गर्भाभोवतींचा अभेद्य तट, असा पूर्वींचा समज. तो अगदींच खोटा नव्हता. वारेच्या बाहेरच्या अंगास पेशींमधल्या भिंती विरून एकच अखंड पडदा झालेला असतो. सांधाच नाहीं, तर विषाणूनें शिरावें कोठून? शिवाय पूर्ण वाढलेल्या वारेचा हा पडदा, रोग आलेला नसतांही, इंटरफेरॉन हें विषाणुरोधक द्रव्य सतत स्रवत असतो, असें पिट्सबर्गच्या संशोधकांनीं २०१६ सालीं दाखविलें. पण पहारेकऱ्याचें काम याहून नाजुक आहे. गर्भ अर्धा पित्याचा, म्हणजे मातेच्या देहास परका. तो तिला सोसतो कसा, हें कोडें पीटर मेडावर यांनीं १९५३ सालीं मांडलें. मातेच्या संरक्षक पेशींस फार चेतविलें तर गर्भासच धोका, निजविलें तर विषाणूस मोकळें रान. वारेस या दोहोंमधून वाट काढावी लागते. मातेच्या रक्तांतील प्रतिपिंडांपैकीं एकच जात ती निवडून आंत नेते, तीही मुख्यतः अखेरच्या महिन्यांत. गोवर येऊन गेलेल्या मातेचें मूल आरंभीचे कांहीं महिने गोवरापासून बचावतें, तें या शिदोरीवर.

जर्मन गोवराचा विषाणु वेळ साधतो. आरंभीं वार कोवळी असते, आणि त्याच आठवड्यांत डोळे, कान, हृदय घडत असतात. विषाणु वारेच्या रक्तवाहिन्यांत घर करितो व तेथून गर्भाच्या रक्तांत उतरतो. तोच आजार पांच महिने उलटल्यावर आला, तर असे दोष क्वचितच होतात.

हा विषाणु प्रयोगशाळेंत वेगळा काढतां आला तो १९६२ सालीं. लगेच १९६४-६५ च्या साथींत अमेरिकेंत सुमारें २०,००० बालकें हे दोष घेऊन जन्मलीं. ग्रेग १९६६ सालीं वारले. लस प्रचारांत आली १९६९ सालीं. भारतांत गोवर-रुबेला लशीची मोहीम २०१७ सालीं सुरू झाली व पुढील वर्षीं ती महाराष्ट्रांतील शाळांत पोंचली. लशींतला विषाणु दुबळा केलेला, पण जिवंत असतो. म्हणून ती गर्भवतीस देत नाहींत. ती टोंचावयाची मुलगी लहान असतांनाच.