टेकडीत बसलेला शब्द

केट थॉम्प्सन यांची ‘द न्यू पोलिसमन’ ही २००५ सालची किशोरांसाठीची कादंबरी वाचताना मी कथेआधी एका शब्दातच गुंतलो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या किनवारा गावात कुणालाच वेळ पुरेनासा झाला आहे. जेजे लिडी हा फिडल वाजवणारा मुलगा आईला वाढदिवसाला वेळच आणून द्यायचा म्हणून निघतो आणि तीर ना नोगमध्ये, पऱ्यांच्या मुलखात जाऊन पोचतो. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एका सुरावटीचं स्वरलेखन छापलेलं आहे.

‘पऱ्या’ हा शब्द मी नाइलाजाने वापरला. परी आपल्याकडे फारसीतून आली आणि येताना पंख घेऊन आली. आयरिश लोककथांतल्या या मंडळींना पंख नाहीत. त्यांना नाव मिळालं आहे ते त्यांच्या पत्त्यावरून. ‘शी’ म्हणजे टेकडी, मातीचा गोल उंचवटा. त्यात राहणारे ते ‘एस शी’, शीचे लोक. मृत्यूची चाहूल लागताच आक्रोश करणारी ‘बॅन शी’ म्हणजे टेकडीतली बाई. यातला ‘बॅन’ वेदांतल्या ‘ग्ना’ या स्त्रीवाचक शब्दाचा सख्खा भाऊ.

‘शी’चं जुनं रूप ‘शीद’, आणि त्याचं मूळ बहुतेक अभ्यासक ‘बसणे’ या अर्थाच्या ज्या धातूत शोधतात, तोच संस्कृतात ‘सद्’ झाला. म्हणजे शी हे देवांचं आसन, त्यांचं सदन. संसद, परिषद, उपनिषद हे सगळे त्याच्याच गोतावळ्यातले. जुन्या आयरिशमध्ये ‘शीद’चा आणखी एक अर्थ आहे : शांतता. हे दोन शब्द की एकच, यावर वाद आहे. मला ते एकच वाटतात. जे बसलं, ते निवलं. या दुसऱ्या अर्थातून ‘शीखान’, शांतता, हा शब्द आला आणि आयर्लंडच्या पोलीसदलाला १९२३पासून नाव आहे ‘गार्दा शीखाना’, शांततेचे रक्षक. कादंबरीच्या नावातला नवा पोलीस याच दलातला. टेकडीशी त्याचं नातं काय, हे इथे सांगून वाचकाचा आनंद हिरावणार नाही. पण त्याच्या दलाच्या नावातच ‘शी’ दबा धरून बसली आहे.

संगीताकडे वळलं की हा धातू आणखी खुलतो. आयर्लंडमध्ये पबमध्ये फिडल, बासरी, कॉन्सर्टिना घेऊन वादक गोल करून बसतात, त्याला ‘सेशन’ म्हणतात. हा शब्द लॅटिनमधून आला, तोही ‘सद्’च्याच कुळातला. आणि आपल्या सप्तकाचा शेवटचा स्वर निषाद : नि अधिक सद्. सारे स्वर जिथे येऊन बसतात तो, अशी त्याची परंपरागत फोड आहे. मराठी ‘बसणे’ मात्र ‘उपविश्’वरून ‘बैसणे’ होत आलं. घराणं वेगळं, पण संसार तोच. आपणही बैठकच भरवतो, चाल बसवतो, हात बसला म्हणतो.

अंध हार्पवादक टर्लो ओ’कॅरोलन (१६७०–१७३८) याची पहिली रचना ‘शी वेग, शी वोर’ मानतात. अर्थ साधा : धाकटी टेकडी, थोरली टेकडी. विषय, त्या दोन टेकड्यांतल्या शीलोकांची लढाई.

शीलोकांची सर्वांत भव्य टेकडी बॉइन नदीकाठची, न्यूग्रेंज, सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीची. जुनी कथा सांगते की एंगस या देवाने ती आपला बाप डाग्डा याच्याकडून मिळवली ती निव्वळ व्याकरणाच्या बळावर. त्याने राहायला मागितलं ‘दिवस आणि रात्र’. डाग्डाला वाटलं, एक दिवस, एक रात्र. मुदत संपली तरी एंगस हलेना. त्याने दाखवून दिलं की काळ म्हणजे तरी दुसरं काय, दिवस आणि रात्रच. म्हणजे टेकडी कायमची दिलेली आहे. जुन्या आयरिशमध्ये ‘एक’ असं सुचवणारं उपपद नाही, म्हणून हा डाव साधला. इंग्रजीत सांगताना ते उपपद घालायचं की गाळायचं, हे ठरवावं लागतं आणि ठरवलं की डाव उघडा पडतो. मराठीत तो जसाच्या तसा उतरतो. एंगसने मागितलं, “मला इथे दिवसरात्र राहू द्या,” आणि डाग्डा हो म्हणाला.